मसाल्याच्या डब्यातले चार नोझल

गाडीच्या इंजिनातून काढलेले चार इंजेक्टर नत्थुजींनी मसाल्याच्या डब्यातल्या चार वाट्या रिकाम्या करून, पुसून त्यांत ठेवले. मोहरीच्या वाटीत पहिला, जिऱ्याच्या वाटीत दुसरा, धण्याच्या वाटीत तिसरा, तिखटाच्या वाटीत चौथा. क्रम चुकायला नको होता, आणि भातकुलीच्या त्या घरात चार वस्तू क्रमानं ठेवता येतील असं दुसरं भांडं नव्हतं. हळदीची वाटी त्यांनी हलवली नाही. ती त्यांच्या बायकोनं, वच्छलानं, भरलेली होती.

गाडी दहा महिने जागची हलली नव्हती. वच्छलाला अमरावतीच्या दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी घेतलेली ती जुनी पेट्रोल गाडी. वच्छला गेली आणि गाडीवर ताडपत्री पडली. आता काढली तर चार झटके देई आणि बंद पडे. आणि उद्या, रविवारी, तिला अकोल्याला जायचं होतं. मुलीला, दामिनीला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. विहीणबाई कौशल्याबाई फोनवर स्पष्ट बोलल्या होत्या.

"भाऊ, राग मानू नका. तुमच्या घरात बाईमानूस नाही. पोरीचं कोन करन?"

"मी करन."

"तुमी बाळंतपन करान?"

शेवटी एवढंच ठरलं, की रविवारी दुपारपर्यंत गाडी घेऊन आले तर पोरगी न्यावी. मंगळवारी नववा लागतो, मग ती हलणार नाही.

शेजारचा अय्युब विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्यानं बोनेट उघडून पाहिलं होतं. "इंजेक्टर जाम हाय, भाऊ. पेट्रोलचा फवारा मारते ना, तेच हे. तुमच्या फवारणीच्या पंपाचा नोझल समजा."

हे ऐकून नत्थुजींना धीर आला होता. चाळीस वर्षं त्यांनी कपाशीवर फवारणी केली होती. अमरावतीचं गॅरेज चार दिवस मागत होतं. अय्युबनं घरचा उपाय सांगितला. फवारणीच्या पंपात पेट्रोल भरायचं, नळीला इंजेक्टर जोडायचा, दाब द्यायचा आणि बॅटरीच्या तारा टेकवायच्या. टिक वाजतं आणि घाण बाहेर पडते. "पन रबराच्या रिंगा नव्या लागतीन. मी आनतो. तवर हात लावू नका," असं सांगून तो शनिवारी सकाळच्या बसनं अमरावतीला गेला.

बस वळणापलीकडे गेली आणि नत्थुजींनी हात लावला.

पंप त्यांनी सोड्यानं तीनदा धुतला. पण फवारणीचा पंप कितीही धुतला तरी औषधाचा वास सोडत नाही. पेट्रोल पडल्यावर तर तो वास जास्तच उठला. बाहेर वारा धूळ उडवत होता आणि इंजेक्टरमध्ये एक कण गेला तरी काम वाया. म्हणून त्यांनी गोठ्याचं दार आतून लावलं, कडी घातली आणि फवारणीला बांधतात तसं तोंडाला फडकं बांधलं.

त्या वर्षांत वऱ्हाडात बंद दारामागून औषधाचा वास आला, की लोक विचारपूस करत बसत नसत.

वास आधी अय्युबच्या बायकोला, हलीमाबीला आला. ती नत्थुजींच्याच अंगणात होती. सकाळी त्यांनी घर झाडायला म्हणून चावी तिच्या हातात दिली होती. वच्छलाची लुगडी घडी घालून दिली होती. बाळाला दुपटी शिवायला, हे तिला ठाऊक होतं. पण आता चावी, लुगडी, बंद दार आणि हा वास तिनं एकत्र केला आणि तिच्या हातातला झाडू पडला.

"नत्थुभाऊ! दरवाजा खोला!"

आत नत्थुजींच्या दोन्ही हातांत तारा होत्या आणि कान चौथ्या इंजेक्टरला लावलेला होता. ते "थांबा" म्हणाले. फडक्यातून बाहेर आलं ते कण्हणं.

"या अल्ला! पुंजाजी! धावा हो!"

समोरचे पुंजाजी धावले. त्यांच्या एकाच लाथेत कडी उखडली. नत्थुजी पंपाला टेकून बसले होते, डोळे लाल, आणि पेट्रोलच्या वाफेनं डोकं थोडं गरगरत होतं.

"पेले, पेले!" पुंजाजी ओरडले.

"काय पेलो?" नत्थुजींनी विचारलं. पण तोवर हाक ऐकून आलेल्या चार बायांनी त्यांना आडवं केलं होतं आणि हलीमाबीनं मिठाच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता. दोन तांबे गेले. तिसऱ्याला सगळं बाहेर आलं.

"पिवळं हाय! जहरच हाय!"

"पिठलं हाय ते," नत्थुजी कसेबसे म्हणाले.

"बोलू देऊ नका त्याईले. दवाखान्यात न्या. गाडी कोनाची हाय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गावची जीप बाजाराला गेली होती. गल्लीत गाडी एकच होती. नत्थुजींना उचलून त्यांच्याच गाडीत घातलं. पुंजाजींनी किल्ली फिरवली. गाडी नुसती घरघरली.

"कशी चालन ते?" मागून नत्थुजी म्हणाले. "तिचे नोझल मसाल्याच्या डब्यात हायेत."

हलीमाबीनं पदर डोळ्यांना लावला. "बरळून राह्यले हो! जहर डोक्यात चढलं!"

"मोहरीच्या वाटीत पह्यला हाय. पाहा न जाऊन!"

"हो भाऊ, हो," पुंजाजी मऊ आवाजात म्हणाले. आणि चौथा तांब्या आला.

रिंगांची पुडी घेऊन अय्युब कोपऱ्यावर आला तेव्हा पाचवा तांब्या भरला जात होता. त्यानं गर्दी पाहिली, पंप पाहिला, आणि पंपाजवळच्या मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडून तो सगळ्यांसमोर धरला. तीन वाट्यांत तीन इंजेक्टर. चौथा पंपाच्या नळीला. मधोमध हळद.

हलीमाबीनं तांब्या पाठीमागे लपवला.

"मी तर अकोल्याले फोन केला," पुंजाजी हळूच म्हणाले.

नत्थुजी ताडकन उठून बसले. "काय सांगतलं?"

"नत्थुजीनं औषध घेतलं म्हनलं. लवकर या म्हनलं."

"कोनं उचलला फोन?"

"दामिनीनं."

आत्तापर्यंत नत्थुजींचा चेहरा लाल होता, आता पांढरा झाला. आठ महिने भरलेली पोर. त्यांनी पुंजाजींचा मोबाइल हिसकावून अकोल्याला लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिकडे घरात कोणी नव्हतं.

"अय्युब, रिंगा दे."

दोघं गाडीवर ओणवे झाले. नत्थुजींच्या घाईनं एक रिंग दोनदा मातीत पडली आणि हलीमाबीनं ती दोनदा पुसून दिली. चौथा इंजेक्टर बसेपर्यंत दोन तास गेले. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. एकही झटका नाही. कोणीही शाबास म्हटलं नाही.

गावाबाहेर अकोल्याकडच्या रस्त्याला लागताच समोरून धुळीत व्याह्यांची जीप झटके देत आली. दोन्ही गाड्या समोरासमोर थांबल्या. जीपमधून दामिनी उतरली, एका हातानं पोट धरून. चालत आली आणि बापाच्या खिडकीशी उभी राहिली.

"बाबा?"

"नोझल साफ करत होतो, माय."

तिनं त्यांचा सदरा हुंगला. पेट्रोल, औषध, पिठलं. मग ती तिथेच बोनेटला टेकून रडली आणि रडता रडता हसायला लागली.

मागून कौशल्याबाई आल्या. तेवढ्यात गावाकडून बायांचा घोळका धावत आला. पुढे हलीमाबी, हातात अजून तांब्या.

"हे कोन?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"शेजारीन," नत्थुजी म्हणाले. "हिनंच पाजलं मीठपानी. चार तांबे."

कौशल्याबाईंनी धापा टाकणाऱ्या त्या दहा-बारा बायांकडे पाहिलं. "आन तुमी बोलले काहून नाही मले? घरात बाईमानूस नाही म्हनून मी पोरगी अडवून बसली. ज्या बायांनी न घेतलेलं जहर काढलं, त्या लेकरू नाही काढनार काय?"

दामिनी तिथून पुढे बापाच्या गाडीतून आली.

संध्याकाळी तिनं मसाल्याचा डबा घासायला घेतला. हळदीच्या वाटीशी हात थांबला, तेव्हा नत्थुजी म्हणाले, "ते राहू दे." पेट्रोलचा वास काही गेला नाही. हलीमाबीनं आपला डबा भरून पाठवला आणि स्वतः मागोमाग आली.

"भाऊ, चुकलं माझं."

"पन तुमाले असं वाटलंच कसं, भाबी?"

हलीमाबी उंबऱ्यावर बसली. "दहा महिने झाले. रोज पहाटे पह्यले तुमचं दार पाहतो आमी. उघडलं, की मंग चहा ठेवतो."

सकाळचाच पेचकस घेऊन नत्थुजी गोठ्याकडे गेले. एका खिळ्यावर लोंबकळणारी आतली कडी त्यांनी पूर्ण काढली आणि आणून हलीमाबीच्या हातात ठेवली.

"आन पंप?" हलीमाबीनं विचारलं.

"पंप राहू द्या," नत्थुजी म्हणाले. "व्याह्याची जीप झटके देऊन राह्यली."