जेवणाच्या सुट्टीतली दाढ

दाढेचं इम्प्लांट म्हणजे काय हो, भिंतीत खिळा ठोकल्यासारखं! जेवणाच्या सुट्टीत बसवून घ्यायचं आणि परत खुर्चीत हजर, असा माझा बेत. बायको उगाच बाऊ करते, म्हणून घरी सांगितलं नाही. ऑफिसात म्हणालो, "पोस्टात जाऊन येतो."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जबड्यात स्क्रू बसवला, वर कापसाचा बोळा ठेवला. "तासभर दाबून धरा. बोलायचं नाही. आणि आज घरी आराम!"

आराम? मी? तडक ऑफिस गाठलं!

भुलीमुळे अर्धा ओठ आणि अर्धी जीभ गायब झालेली. टायपिस्टबाईंनी वर पाहिलं आणि किंचाळल्याच. "अहो, तुमचं तोंड वाकडं झालंय! लाळ गळतेय!"

"काही नाही" म्हणायला गेलो, निघालं "हाही हाही!"

"जीभ जड झाली! झटका आलाय यांना! माझ्या काकांचं अस्संच झालं होतं!"

मी घाईघाईनं कागदावर 'दाढ' खरडलं. साहेबांनी कागद उचलला. "धाड? आपल्यावर?" आणि त्यांनी आधी स्वतःचं कपाट कुलूपबंद केलं!

मग चौघांनी मला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवायला घेतलं. "डावा हात वर करा!" टायपिस्टबाई ओरडल्या. कसा करणार? खाली दोन मजले दिसत होते, हातानं खुर्ची गच्च धरली होती. सुटेचना!

"बघा, डावा हात गेला!"

आता मात्र मलाच शंका आली. दाढ तर उजवीकडची, मग डावा हात का हलत नाही? खरंच झटका असला तर? सकाळी बायकोशी शेवटचं काय बोललो? 'भाजीत मीठ कमी आहे.' बस्स, एवढंच! डोळ्यांत पाणी आलं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, चिमट्यानं लालभडक बोळा बाहेर काढला. "आज दाढ बसवलीत?"

"हो," मी कसंबसं म्हणालो. एवढं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं!

तेवढ्यात दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून बायको धावत आली. ऑफिसातून कुणीतरी फोन केला होता. तिनं माझं वाकडं तोंड पाहिलं, तो बोळा पाहिला आणि तिथंच कोसळली!

तिला शेजारच्या खाटेवर सलाइन लावलं. संध्याकाळी तिनं डोळे उघडले, माझा हात धरला. "अहो, काय झालं होतं तुम्हाला?"

मी सगळं खरं सांगितलं.

तिनं माझा हात सोडून दिला. मग म्हणाली, "सिस्टर, पेशंटला भेटायची वेळ संपली असेल ना?"

संपली नव्हती. तरी मी मुकाट्यानं उठून बाहेर बाकावर जाऊन बसलो.