‘सोड’ या हुकमाचा तह

मनुष्यमात्राला दुसऱ्याने केलेली वस्तू सुधारल्याशिवाय राहवत नाही, आणि पगार मिळणार नसेल तर ही सुधारणा विशेष मन लावून होते. कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये अशी फुकटची सुधारणा घुसवली की तिला मॉड म्हणतात.

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या राजेश्वरीने शेतीच्या एका परदेशी गेममध्ये पाटाचं पाणी आणलं. (खऱ्या शेतात ती फारशी गेली नव्हती, सुधारकाला ते बंधनकारक नाही.) ‘सोड’ असा हुकूम टाइप केला की उसाला पाणी सुटे. सांगलीच्या जिनपालने त्याच गेममध्ये बैलगाडी आणली. तिथे ‘सोड’ म्हटलं की बैल सुटत. दोन्ही मॉड उत्तम होती. दोन्ही एकत्र बसवणाऱ्यांचं शेत मात्र एका शब्दात पाण्याखाली जाई आणि बैल उसात शिरत.

साताऱ्याचे निवृत्त सुभेदार हंबीरराव यांनी राजेश्वरीकडे फोनवरून तक्रार नोंदवली. “आवं म्याडम, पाण्याला हुकूम दिला तर बैलं बी सुटली! पलटणीत असलं चालत न्हाई.”

तिने जिनपालला गाठलं. “तुमी ‘बैलसोड’ करा की.”

“आमीच का? तुमी ‘पाणीसोड’ करा.”

“माझा शब्द आधीचा हाय.”

“बैल पाटाच्या आधीचं हायत, ताई.”

इतिहासाचा हा मुद्दा बिनतोड असल्याने तिने फोन आपटला.

खेळणाऱ्यांत दोन तट पडले. साताऱ्याने हा अब्रूचा प्रश्न केला, सांगलीने तत्त्वाचा. (दोहोंत फरक काय, असं एकाने विचारलं, त्याला दोन्ही बाजूंनी एकमताने ग्रुपमधून काढलं.)

शेवटी राजेश्वरीने तिसरं मॉड लिहिलं. ‘सोड’ म्हटलं की गेम थांबे आणि अदबीने विचारी, ‘काय सोडू?’ पाणी म्हणा, पाणी. बैल म्हणा, बैल. जिनपालने तपासून कळवलं, “लय ब्येस. आज माझं बैल जागेवर ऱ्हायलं.” तिला फार बरं वाटलं, आणि ते त्याला कळू नये याची तिने दक्षता घेतली.

मग आकडेवारी आली. पाण्याचं मॉड पडून, बैलांचं पडून, आणि तिसरं मॉड लोक धडाधड उतरवून घेतायत. निम्म्याहून अधिक लोकांनी ते एकटंच बसवलेलं. सोडायला काहीच नसताना माणसं ‘सोड’ टाइप करत होती!

काहीतरी बिघडलं असणार म्हणून तिने हंबीररावांना विचारलं.

“बिघडलं कुटं?” ते म्हणाले. “दिसभरात मला कोन इचारतंय व्हय, काय करू म्हणून? ह्यो इचारतो. मी म्हणतो, ऱ्हाऊ दे गड्या. झ्याक वाटतं.”

राजेश्वरीने करायला घेतलेली दुरुस्ती रद्द केली.

ज्या वाचकांना सुभेदारांची कीव आली, त्यांनी आपल्याला घरात शेवटचं ‘काय हवंय?’ असं कुणी, कधी विचारलं ते आठवावं. आठवेपर्यंत मॉड उतरवून होतं. फुकट आहे.