गोजरानं मागचं दार लिंपलं

एका जंगलात एक बीळ होतं. हसू नका रे पोरांनो, बिळाशिवाय ही गोष्ट पुढं सरकत नाही.

बिळात गोजरा नावाची उंदरीण राहायची. पदरी तीन पिल्लं, अजून डोळे न उघडलेली. बिळाला दोन दारं. पुढचं येण्याजाण्याला, मागचं नाग आला तर पळायला. मागचं दार तिच्या सासूनं, ठकूबाईनं, दात झिजवून कोरलं होतं.

तरी गोजराला नागाच्या भीतीनं झोप लागेना. म्हणून ती कासवबुवांकडे गेली. बुवा समुद्राकाठून मनाची विद्या शिकून आले होते. परत येताना वाट चुकले होते म्हणे. पण शिकलेल्याला असलं विचारू नये.

"पाचोळ्यावर उताणी पड," बुवा म्हणाले, "आणि मनात येईल ते बोल."

"नाग येईल असं वाटतं, बुवा."

"नाग बाहेर नसतो, मुली. आत असतो. आणि बीळ म्हणजे बीळ नव्हे. आईचं पोट आहे ते. आपण जागेत राहत नाही, जागाच आपल्यात राहते. आता सांग, पोटाला मागचं दार असतं का? त्या दारानं तू स्वतःपासून पळतेस. लिंपून टाक."

गोजरा घरी येऊन चिखल कालवायला बसली.

"पोटाला मागचं दार नसतं?" ठकूबाई भडकली. "मग तुझा बुवा रोज सकाळी झुडपामागं कशाला जातो गं?"

"आत्याबाई, तुम्हाला नाही कळायचं. ते शिकलेले आहेत."

दार लिंपलं. गोजराला गाढ झोप लागली. विद्येचा गुण आलाच म्हणायचा.

एके दुपारी नाग आला. पुढच्या दारानं.

गोजरा मागं धावली. चिखल वाळून दगड झालेला. बाहेरून ठकूबाई उकरू लागली. शेजारीच बुवा ऊन खात पडले होते.

"अहो बुवा, नाग शिरलाय! पंजा लावा की जरा!"

नाग म्हणताच बुवांनी मान, पाय, शेपूट, सगळं आत ओढलं. आतून आवाज आला, "घाबरू नका. तो मनातला आहे."

शेवटी भोक पडलं. गोजरानं एक पिल्लू बाहेर ढकललं, दुसरं तोंडात धरून निघाली. तिसऱ्यासाठी परत वळली, तर तिथं नागाचं तोंड होतं.

सगळं निवल्यावर बुवांनी मान बाहेर काढली. "बघ," ते म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? नाग आतच आहे."

गोजरा पलीकडे नवं बीळ उकरत होती. आधी मागचं दार.

तात्पर्य: घराला दारं किती असावीत, हे ज्याचं घर पाठीवर आहे त्यालाच विचारावं. त्याची विद्या कधी खोटी ठरत नाही. पिल्लू तेवढं आपलं लागतं.