थ्री टँक्सच्या सभागृहाची मागची भिंत

पियानो मधोमध हवा, असा हट्ट थेल्मा गिलेस्पीनं धरला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण थ्री टँक्सच्या सभागृह समितीची ती एकवीस वर्षं चिटणीस होती, गावाचं पोस्टही तीच चालवायची, आणि तिचा हट्ट मोडून काढील असा माणूस तिच्या नवऱ्याच्या पश्चात गावात उरला नव्हता. नवऱ्यालाही ते कधी जमलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता रोझलिंड आयर्टन नावाच्या मेलबर्नच्या नामांकित पियानोवादक थ्री टँक्समध्ये वाजवणार होत्या. मुक्काम जेमतेम तीन तासांचा. दोनला यायचं, तीनला वाजवायचं, पाचला गाडीत बसून पुढच्या गावाला लागायचं. असे पाहुणे आजवर दीडशे किलोमीटरवरच्या वारंबिनला जात. वारंबिनला ग्रँड पियानो होता, मखमली खुर्च्या होत्या आणि दर चार वाक्यांमागे या दोहोंचा उल्लेख करायची सवय होती. थेल्मानं दोन वर्षं पत्रं लिहून या बाई मिळवल्या होत्या. शेवटच्या पत्रात तिनं लिहिलं होतं की आमचा पियानो उत्तम स्थितीत असून तो नियमितपणे सुरात लावला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कोण लावतं हे पलीकडून कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनंही ते लिहिलं नव्हतं.

तर हा पियानो सत्तरेक वर्षं स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, मागच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. सकाळी नऊ वाजता थेल्मानं चार माणसं जमवली. त्यांत समितीचा अध्यक्ष आणि गावातल्या एकुलत्या एक बारचा मालक नॉर्म शेरिडन होता, कौन्सिलचा लोडर चालवणारा मॅकार्डल होता. मॅकार्डलचे केस गाजरासारखे लाल, म्हणून आमच्याकडच्या उफराट्या रिवाजाप्रमाणे सगळे त्याला ‘ब्लू’ म्हणत. उरलेले दोघं मेंढ्यांची लोकर कातरणारे, आणि रात्रीची अजून पुरती उतरली नसल्यामुळे कशालाही तयार.

“कोपऱ्यात आहे तो बरा आहे, थेल्मा,” नॉर्म म्हणाला. “सत्तर वर्षांत त्यानं तक्रार केलेली नाही.”

“वारंबिनचा मधोमध असतो,” थेल्मा म्हणाली, आणि चर्चा संपली.

पियानो ढकलत ढकलत स्टेजच्या मध्यावर आला. थेल्मा खाली पहिल्या रांगेत उभी राहून हातानं खुणा करत होती. थोडा डावीकडे, आता जरा मागे, अजून जरा. त्या शेवटच्या ‘अजून जरा’ला मागच्या चाकाखालची फळी गेली. तिनं आवाजसुद्धा धड केला नाही. चहात बुडवलेलं बिस्किट जावं तशी ती गेली. पियानोचं मागचं अंग जमिनीत उतरलं, पुढचं वर आलं, आणि दुष्काळात पाणवठ्याच्या चिखलात गाय रुतते तसा तो आभाळाकडे तोंड करून रुतून बसला.

माणसांना उलट थोडा धीरच आला. रुतलेली गाय कशी काढायची हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ब्लूनं ट्रकचा जॅक आणला आणि पियानोखाली लावून फिरवायला सुरुवात केली. पियानो वर येण्याऐवजी जॅक खाली गेला, आणि गेला तो दिसेनासाच झाला. जॅक कुठं गेला ते वाकून बघण्यासाठी नॉर्म पुढे सरकला आणि मांडीपर्यंत आत गेला. नॉर्मला काढण्यात वीस मिनिटं गेली, कारण तो पियानोपेक्षा फार हलका नव्हता आणि बोलत मात्र खूप होता.

मग ब्लू सरपटत सभागृहाच्या खाली शिरला. आमच्याकडची जुनी बांधकामं अशी लाकडी खुंटांवर उभी असतात. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात खुंटाचा एक तुकडा होता. तो त्यानं अंगठ्यानं दाबला, तर त्याचा भुगा झाला.

“खुंटांत लाकूड राहिलेलं नाही,” तो म्हणाला. “आत वाळवी आणि वरनं रंग.”

“मग सभागृह उभं कशावर आहे?”

“सवयीवर,” ब्लू म्हणाला.

नॉर्मला हे लागलं. दर वर्षी न चुकता रंग दिला जातो, तोही चांगल्यातला, असं त्यानं सांगितलं. त्याबद्दल वाद नव्हता. पण आता आतून वजन उचलायची सोय राहिली नव्हती, तेव्हा पियानो बाहेरून, मागच्या बाजूनं काढायचा असं ठरलं. भिंतीचे सहा पत्रे सोडवायचे, लोडरची बकेट आत घालायची, पियानो अलगद उचलायचा, आणि दोनच्या आत पत्रे परत लावून टाकायचे. कुणाला कळणारसुद्धा नाही, अशी हमी ब्लूनं दिली.

त्या हमीवर विसंबून थेल्मा बारा वाजता पोस्टाचं दार उघडायला गेली. दारात धुळीनं माखलेली एक गाडी उभी होती आणि गाडीला टेकून चाळिशीतली एक बाई खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक खात होती. बाईंच्या बुटांवर लाल माती होती, केसांत खोबऱ्याचा कीस होता. रस्ता चांगला निघाला म्हणून जरा लवकर पोचले, असं रोझलिंड आयर्टननी सांगितलं. आता हात मोकळे करायला तासभर पियानोवर बसता आलं तर फार बरं होईल.

थेल्मा म्हणाली की आधी गाव बघायला हवं.

थ्री टँक्स बघायला सहा मिनिटं लागतात. थेल्मानं एक तास दहा मिनिटं लावली. तिनं पाण्याच्या दोन टाक्या दाखवल्या आणि वादळात उडून गेलेली तिसरी जिथं होती ती जागाही दाखवली. घोड्यांच्या शर्यतीचं मैदान अलीकडून दाखवलं, मग पलीकडून दाखवलं. दुकान, शाळा, नॉर्मचा बार झाल्यावर तिनं पाहुणीला स्मशानात नेलं, कारण सभागृहापासून लांब असं तेवढंच उरलं होतं.

तिथं मात्र थेल्माचा स्वतःचाच वेळ कसा गेला ते तिला कळलं नाही. एका दगडापाशी तिनं सांगितलं की ही एडिथ कोव्हल, पुरात चार दिवस शाळेच्या छपरावर अकरा पोरं घेऊन बसली आणि त्या चार दिवसांत तिनं त्यांचे पाढे पक्के करून घेतले. हा जॉक रेनी, यानं दुष्काळाच्या सलग तीन वर्षांत रोज सकाळी पर्जन्यमापक वाचला आणि रोज न चुकता शून्य लिहिलं. पियानो इथवर उंटांच्या गाडीतून आला, आणि शेवटची मोठी रेताड चढण आली तेव्हा उंट बसले म्हणून सगळं गाव दोर घेऊन गेलं. थेल्मा पाहुणीला रोखून धरायला बोलत होती खरी, पण बोलता बोलता तिची मान ताठ झाली. रोझलिंडबाई घड्याळ बघायच्या थांबल्या होत्या.

परत येताना दोघी युद्धस्मारकापाशी पोचल्या तोच सभागृहाच्या दिशेनं एक लांबलचक आवाज झाला. एखादं मोठं जनावर दमून आडवं व्हावं तसा. थेल्मानं तिकडे पाठ केली आणि स्मारकावरची नावं वाचायला घेतली. ती सहाव्या नावावर होती तेव्हा पाठीमागून रस्त्यानं लोडर गेला. लोडरवर आडवी बांधलेली एक अख्खी भिंत होती, आणि भिंतीवर रंगवलेलं एक हिरवंगार तळं आणि तळ्यात सात पांढरे हंस होते. ब्लूनं पाहुणीला बघून इथल्या रीतीप्रमाणे, नमस्कारादाखल, स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं.

रोझलिंडबाईंनी हंस दिसेनासे होईपर्यंत वाट पाहिली.

“ते काय होतं?”

“आमच्या सभागृहाची मागची भिंत,” थेल्मा म्हणाली. आणि मग, पत्र लिहिल्यापासून पहिल्यांदाच, तिनं सगळं सांगून टाकलं. फळी, जॅक, नॉर्मची मांडी, वाळवी. वारंबिनबद्दलही सांगितलं. सहा पत्र्यांच्या जागी अख्खी भिंत कशी आली ते तिलाही माहीत नव्हतं. “तुम्हाला लगेच निघायचं असेल तर मी समजू शकते,” ती शेवटी म्हणाली.

“पियानो कुठं आहे?” बाईंनी विचारलं.

पियानो सभागृहाच्या मागच्या अंगणात, डेरेदार झाडाच्या सावलीत, मातीवर टाकलेल्या दोन फळ्यांवर उभा होता. नॉर्म एका पायावर जोर न देता त्याची धूळ पुसत होता. आणि पियानोचं पोट उघडून, ट्रॅक्टरच्या पान्यातून घडवलेली एक किल्ली हातात घेऊन, क्लॅरी डॉड आतल्या तारा पिळत होता. क्लॅरी गोऱ्यांच्या आधीपासून इथं राहणाऱ्या मूळच्या लोकांपैकी. पासष्टी उलटलेला. सगळं आयुष्य गुरं हाकण्यात आणि मैलोन्मैल तारेची कुंपणं ताणण्यात गेलेलं. लहानथोर सगळे त्याला क्लॅरीकाका म्हणत. पत्रातलं ‘नियमितपणे’ ते हेच.

थेल्मा काहीतरी खुलासा करणार होती, पण बाईंनी हातानंच तिला थांबवलं. क्लॅरीकाका एक पट्टी दाबायचा, मान तिरकी करायचा, किल्ली केसभर फिरवायचा, पुन्हा दाबायचा. त्याच्यापाशी दुसरं कसलंच साधन नव्हतं. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “हे कुठं शिकलात?”

“इथंच,” क्लॅरीकाका मान वर न करता म्हणाला. “भिंतीच्या या बाजूला. आत नाच चालायचे तेव्हा आम्हाला आत येऊ देत नसत. आई मला घेऊन इथं मातीत बसायची, भिंतीला पाठ टेकून. पियानो आतनं त्याच भिंतीला टेकलेला. त्यामुळे कानापेक्षा पाठीलाच जास्त ऐकू यायचं. सूर उतरला की पाठीला कळायचं.” त्यानं आणखी एक तार पिळली. “वरचे दोन सूर गेलेत. पडताना तारा तुटल्या.”

एकवीस वर्षांच्या चिटणीसपदात थेल्मानं सभागृहाच्या सगळ्या जुन्या नोंदवह्या वाचल्या होत्या. नाचांच्या तारखा होत्या, केकचं पहिलं बक्षीस कुणाला ते होतं, हंस कुणी रंगवले तेही होतं. हे कुठंच नव्हतं. ती पोस्टात जाऊन चहा घेऊन आली, आणि पहिला कप तिनं पाहुणीला न देता क्लॅरीकाकाला दिला.

“ते दोन सूर माझ्या दुसऱ्या रचनेत चार वेळा लागतात,” रोझलिंडबाई म्हणाल्या.

क्लॅरीकाकानं कपातून घोट घेतला आणि ओठांचा चंबू करून दोन बारीक, स्वच्छ शिट्ट्या मारल्या. “हेच ना?”

“हेच,” बाई म्हणाल्या. “माझ्या डाव्या हाताला बसा.”

तीनपर्यंत वाऱ्यासारखी बातमी पसरली होती, आणि भिंत पडलेलं सभागृह बघायला म्हणून वारंबिनहून मिळेल त्या गाडीनं लोक आले. दीडशे किलोमीटर त्यांनी कसे तोडले हे त्यांनाच ठाऊक. सभागृहात बसायची कुणाची छाती नव्हती, म्हणून सगळे बाहेरच बसले. कुणी ट्रकच्या टपावर, कुणी लोकरीच्या गाठोड्यांवर, बरेचसे मातीत. वारंबिनच्या समितीचे अध्यक्ष पांढरा कोट घालून एका पालथ्या पिंपावर बसले होते. क्लॅरीकाकाच्या घरची सगळी माणसं पहिल्या रांगेत होती. थेल्मानं त्यांना हाताला धरून तिथं बसवलं होतं, आणि रांगेत आधीपासून बसलेल्यांना उठवताना कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

रोझलिंडबाईंनी वाजवायला सुरुवात केली. मध्येच पांढऱ्या काकाकुवांचा एक थवा कलकलाट करत वरून गेला तेव्हा त्या पट्ट्यांवर हात ठेवून थांबल्या, थवा गेल्यावर तिथूनच पुढे निघाल्या. दुसऱ्या रचनेत चार ठिकाणी क्लॅरीकाकानं शीळ घातली. तो इतक्या सहज घालत होता की लोकांना वाटलं हे असंच असतं. मूळ रचनेतही तिथं शीळच आहे, असं वारंबिनच्या अध्यक्षांनी शेजारच्याला दबक्या आवाजात सांगितलं. संपल्यावर बाई उठल्या, लोकांना वाकून नमस्कार केला, मग क्लॅरीकाकाकडे वळून पुन्हा वाकल्या. दुसऱ्या वेळी जरा जास्त. पाचला निघायच्या त्या सहाला निघाल्या. केसांतला खोबऱ्याचा कीस त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही.

सोमवारी कौन्सिलचा इंजिनिअर आला. खुंट सगळे बदलावे लागतील असं सांगून आणि एक लांबलचक फॉर्म देऊन गेला. त्या संध्याकाळी समितीची बैठक झाडाखालीच भरली. क्लॅरीकाकालाही बोलावलं होतं. नॉर्मनं विषय काढला की भिंत ब्लूच्या अंगणात पडली आहे, हंस शाबूत आहेत, शनिवारी सगळे मिळून लागलो तर एका दिवसात उभी होईल. थेल्मानं क्लॅरीकाकाला विचारलं, तुमचं काय म्हणणं?

“लावायची तर लावा,” तो म्हणाला. “मी येईन मदतीला. टेकायला चांगली होती.”

मग ब्लू म्हणाला की त्याच्या कोंबड्या त्या भिंतीखाली छान रुळल्या आहेत, आता त्यांना उठवणं बरं दिसणार नाही. यावर मत घेतलं गेलं आणि कोंबड्यांच्या बाजूनं ठराव एकमतानं मंजूर झाला.

थेल्मानं फॉर्म पुढे ओढला. मागची भिंत पुन्हा न बांधण्याचं कारण, असा एक रकाना होता. तिनं क्षणभर विचार केला आणि लिहिलं, ‘भिंतीमुळे बाहेर ऐकू येत नाही.’

शेवटचा रकाना आसनक्षमतेचा होता. तिथं आजवर एकशे वीस लिहायची रीत होती. थेल्मानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मान वर केली. सभागृहातून बघणाऱ्याला आजवर तळं आणि हंसच दिसायचे, आता तिच्यासारखंच पलीकडचं सगळं दिसणार होतं. लाल माती, वाळलं गवत, आणि ते गवत जिथं आभाळाला टेकतं तिथपर्यंत मोकळं सपाट मैदान. तिनं पेन टेकवलं आणि आपल्या टपोऱ्या पोस्टमास्तरी अक्षरात लिहिलं, ‘भरपूर’.