लाल टोपरं

थंडीची चाहूल लागली की आमचे धोटे सर अमरावतीच्या बाजारात तान्ह्या बाळाचं लाल टोपरं घ्यायला जात. घरात बाळ नाही, शेजारात नाही. दुकानदार विचारी, "नातवाले का, सर?" सर टोपरं स्वतःच्या मुठीवर चढवून बघत आणि म्हणत, "संशोधनाले."

सर कॉलेजात इतिहास शिकवत, मी त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागलो. अभ्यासक्रमात जपानला एक प्रकरण. सरांच्या वर्गात ते जूनला सुरू होई आणि परीक्षेपर्यंत पुरे. जपानी भाषा ते पुस्तकांवरून शिकले, जपानी लोककथांवर पीएचडी केली, जपानला मात्र एकदाही गेले नाहीत. तरी धारणीची एसटी उशिरा आली की साऱ्या फलाटाला ऐकवत, "जपानात असं नसते, बापू!" एकदा कंडक्टर म्हणाला, "मंग जपानहूनच बसाचं होतं न, काका." सरांनी त्याला कमरेत वाकून नमस्कार केला.

हे वेड लागलं एका जुन्या पुस्तकातल्या फोटोमुळे. वाटेच्या कडेला दगडी जिझो, लेकरांचा राखणदार देव, डोक्यावर लाल टोपरं. "हा फोटो पायला अन् मी जपानचा झालो," सर सांगत. फोटोत एवढं काय होतं, ते मी कधी विचारलं नाही.

कौंडण्यपूर हे काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, माहेर. काकू वारल्या, तरी सर दरवर्षी माझ्या स्कूटरवर बसून तिथे जात आणि नदीकडे उतरणाऱ्या वाटेवरच्या एका दगडाला टोपरं घालत. मला वाटे, प्रयोग चाललाय. पुढे लोकांनी त्या दगडाला शेंदूर फासला, नारळ फुटू लागले. मी म्हटलं, "सर, जपानी देव वऱ्हाडी झाला. पेपर लिहा!" सर हसले नाहीत. परतताना वाटभर त्यांनी जपानचं नावही काढलं नाही.

यंदा सर पाय मोडून घरी पडले. माझ्या हाती टोपरं देत म्हणाले, "तू जाऊन ये. थंडी वाढून राहिली."

"उद्या रविवार आहे, सर. उद्या जातो."

"आजच जा!" त्यांचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

गेलो. दगडावर आधीच नवं लाल टोपरं होतं, हातानं विणलेलं. शेजारी नारळ विकणारी म्हातारी म्हणाली, "मास्तर नाई दिसले म्हून मीच इनलं. पोरीले थंडी वाजन ना."

"कोणाची पोरगी?"

"त्यायचीच. बारा दिवसाची होती. इथंच पुरली. तुमाले नाई सांगतलं?"

मला त्या पेपरच्या विनोदाची लाज वाटली. जिझो अवेळी गेलेल्या लेकरांना सांभाळतो आणि आईबाप त्याला टोपरं घालतात, हे मी सरांच्याच प्रबंधात वाचलं होतं, टायपिंगच्या चुका काढता काढता. इतकी वर्षं या माणसाला स्कूटरवर मागे बसवून नेलं आणि मला काही कळलं नाही. मी आणलेलं टोपरं त्या टोपऱ्यावरच घातलं आणि हनुवटीखाली नाड्या बांधल्या.

परतल्यावर सरांना सांगितलं, "एक आधीच होतं. नारळवाल्या आजीनं विणलं." ती आणखी काय बोलली ते सांगितलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं.

"कान झाकले होते काय?"

"झाकले होते, सर."

"दोनी?"

"दोन्ही."