काच काढली आणि गळती थांबली

ठकूच्या बुटांचे तळवे ओले का होतात, या प्रश्नाने मला सलग चार रात्री झोपू दिलं नाही. ठकू पाच वर्षांची. शाळेत जाते-येते ती आजोबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जुन्या गाडीतून, मागच्या सीटवर. दुपारी ती उतरली की पायाखालचा गालिचा ओला आणि बूट ओले. ओल्या पायांनी सर्दी, सर्दीने खोकला आणि खोकल्याने पुढे काय काय होतं ते मी फोनवर वाचलं होतं. (वाचू नये. मी दोनदा वाचलं.)

गाडी माझ्या नवऱ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आणि घरातला तिचा मानही त्याच हिशोबात. बाबा निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच ड्यूटी उरली आहे, नातीला सोडणं आणि आणणं. त्यासाठी ते रोज सकाळी गाडी धुतात आणि इस्त्रीचा शर्ट घालतात. त्यामुळे मी जेव्हा अगदी सहज "ठकूला स्कूल व्हॅन लावू या का" असं म्हटलं, तेव्हा ते जेवणावरून लवकर उठले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं त्यांनी गळती शोधण्याचंच काम केलं, म्हणून पाण्याच्या बाबतीत आमच्याकडे त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. त्यांचं म्हणणं असं, की गाडी धुताना पाणी पुढच्या काचेच्या जुन्या रबरातून आत शिरतं, गालिच्याखालून उताराने मागे जातं आणि ठकूच्या पायाशी साचतं.

"पाणी जिथे दिसतं तिथलं कधीच नसतं, सूनबाई," ते म्हणाले.

मला पटलं. (मी विज्ञानाची पदवीधर आहे. हे इथे सांगायलाच हवं होतं असं नाही.)

उपाय एकच होता. पुढची काच काढायची, रबर बदलायचं, काच परत बसवायची. रबर मिळत होतं. ती काच मात्र आता जगात कुणी बनवत नाही. म्हणजे फुटली तर गाडी कायमची उभी, ठकू व्हॅनमध्ये, बाबा घरात, आणि हे सगळं माझ्या झोपेपायी. पाचव्या रात्री मला ही नवी काळजी मिळाली.

शनिवारी काचवाला आला. जुनं रबर दगडासारखं झालं होतं. ते न कापता निघेल का, असं बाबांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काका, रबर वाचवू की काच?" मग तो रबर कापत असताना बाबांनीच मान दुसरीकडे वळवली. आता आतून कुणीतरी सीटवर पाठ टेकून पायांनी काच ढकलायची होती आणि बाहेर दोघांनी ती झेलायची होती. नवरा उत्साहाने आत बसला. काचवाल्याने त्याचे पाय एकदा पाहिले.

"साहेब, उतरा. दार नाही फोडायचंय. हलकं माणूस पाहिजे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सात वर्षं झाली, पण बाबांसमोर मी कधी पाय पसरून बसले नव्हते. आता त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर, काचेपलीकडे, माझे दोन्ही तळपाय होते. (एका मोज्याला भोक होतं. ते अर्थातच त्यांच्या बाजूच्या मोज्याला.)

"बाबा, माफ करा हं," मी म्हणाले.

"माफी नंतर. आधी डावा दाब."

मी डावा दाबला, मग उजवा, मग पुन्हा डावा. चिखलातून बूट निघावा तसा आवाज झाला आणि काच अख्खीच्या अख्खी बाबांच्या हातात आली. आम्ही ती दोन गोधड्यांत गुंडाळून सोफ्यावर ठेवली आणि स्वतः दोन दिवस जमिनीवर बसलो. मी गोधडीला "काच आहे" असा कागद लावला. बाबा येता-जाता तिचं पांघरूण सारखं करत होते.

चौकटीचा गंज खरवडून काचवाल्याने रंग लावला होता, तो वाळायला एक दिवस हवा होता. रविवारभर गाडी तशीच अंगणात उभी होती, तोंडात दात नसल्यासारखी. ठकूने पुढे बसून ड्रायव्हर व्हायचा हट्ट धरला. मी आधी आतून सगळं दोनदा झाडलं आणि मग परवानगी दिली. तिथे बसून तिने पाण्याची बाटलीही संपवली. (पाणी पिण्यासाठी मी फ्रिजवर तक्ता लावला आहे. रोज बाटली रिकामी झाली की एक चांदणी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तक्त्याचा फोटो वर्गातल्या मुलांच्या आयांच्या ग्रुपवर टाकला तेव्हा अकरा जणींनी तो मागून घेतला.)

संध्याकाळी बाबांनी गालिचा चाचपला. कोरडा ठणठणीत. बॉनेट तेवढं ओलं होतं, पण ते बाबांनीच पुसलं असणार.

"बघा," बाबा म्हणाले, "काच काढली आणि गळती थांबली."

आम्ही दोघांनी माना डोलावल्या. घरात तीन शिकलेली माणसं होती. गाडीला काचच नसताना पाणी आत कमी कसं येतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी नव्या रबराच्या खाचेत दोरी घालून, ती आतून हळूहळू ओढत, काचवाल्याने काच परत बसवली. बाबांनी वीस मिनिटं नळीने पाणी मारलं. आत थेंब नाही. मग मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आता व्हॅनची गरज नाही. बाबांनी सोमवारचा शर्ट लगेच इस्त्रीला घेतला.

सोमवारी दुपारी गाडी आली. मी दार उघडलं. गालिचा ओला.

बाबांनी एकदा त्या काचेकडे पाहिलं. मग शर्टाची बाही सारखी करत हळूच म्हणाले, "व्हॅनवाल्याला विचारून ठेव."

काचवाल्याला फोन लावायला मी मोबाइल काढला, तेवढ्यात ठकू खाली उतरली आणि तिने रिकामी बाटली माझ्या हातात दिली. झाकण उघडंच होतं. दोन-तीन थेंब तिच्या बुटावर पडले. बाबांनी बुटाकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं, आणि मग चौतीस वर्षांच्या अनुभवाने थेट माझ्याकडे पाहिलं.

"ठकू," मी विचारलं, "हे पाणी तू प्यायलीस ना?"

तिने मान हलवली. नाही.

"मग रोज इथेच ओततेस?"

"चांदणीसाठी," ती म्हणाली. मग चकचकीत काचेकडे जरा नाराजीने पाहत तिने विचारलं, "आई, काच पुन्हा कधी काढणार? तेव्हा पुढून सरळ बाहेर ओतता येत होतं."