म्हशीवरून परदेशात

निलंग्याच्या आमच्या शाळेचं फाटक सताड उघडं असलं, तरी शिवकांता मॅडम त्यातून आत येत नाहीत. शेजारच्या कमरेएवढ्या भिंतीवर एक पाय टेकवतात आणि साडीसकट आत उतरतात. मी मराठी शिकवायला रुजू झालो त्या दिवशी भिंतीच्या सावलीत डबा खात होतो. डोक्यावरून जांभळी साडी गेली.

"बसा सर, उठू नका," वरूनच आवाज आला.

"अहो, फाटक आहे ना!"

"वळसा घालायची सवय न्हाई."

मॅडम आमच्या खेळाच्या शिक्षिका. एके काळी भारताकडून स्टीपलचेस पळालेल्या. या शर्यतीत वाटेत लाकडी अडथळे असतात. त्यातल्या एकाच्या पलीकडं पाण्याचा खड्डा असतो, आणि तो उडी मारून पार करायचा असतो.

सरावासाठी आप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, शेतात खड्डा खणला. पुढं बाभळीचा ओंडका आडवा टाकला, बोअरचं पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी घरची म्हैस चंद्री त्यात जाऊन बसली. पेंड दाखवली, शेपूट पिळली, शेजाऱ्यांनी ढकलली. म्हैस उठेना.

शेवटी आप्पा म्हणाले, "बसू दे तिला. तू वरून जा."

त्या वरून गेल्या. रोज, वर्षानुवर्षं. चंद्री खाली निवांत रवंथ करायची. उडी जरा कमी पडली की शिंग लागायचं, त्यामुळं उडी कमी पडायची सोयच नव्हती. स्पर्धेत बाकीच्या मुली पाण्यात धपाधप पडत आणि मॅडम पार पलीकडं कोरड्या उतरत. पुण्याच्या एका प्रशिक्षकांनी विचारलं, "उडी कुठं शिकलीस?"

"म्हशीवर."

त्यांना ते गावाचं नाव वाटलं. "तिथं वसतिगृह आहे का?"

अशा मॅडम परदेशी पोचल्या. शर्यतीत शेवटच्या फेरीपर्यंत दुसऱ्या होत्या. पाण्यापाशी आल्या, अडथळ्यावर पाय ठेवला, खाली बघितलं आणि तिथंच थबकल्या. मग धप्पकन पाण्यात. आल्या त्या सगळ्यांच्या मागून.

"खड्ड्यात म्हैस न्हवती ना सर! अंदाज चुकला." शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट सांगून त्या सगळ्यांना हसवतात, स्वतःही हसतात.

गेल्या दिवाळीत त्यांच्या गावी गेलो. आप्पा चहा ठेवायला आत गेले. मी सहज विचारलं, "चंद्री किती जगली हो?"

मॅडमनी आतल्या दाराकडं बघितलं. "मी परदेशी निघायच्या आधी, सरावाच्या शिबिरात असतानाच ती गेली. पोरीचं मन लागणार न्हाई म्हणून आप्पांनी सांगितलंच न्हाई. मी रोज संध्याकाळी फोन करायची, चंद्रीचा आवाज ऐकवा म्हणायची. आप्पा गोठ्यात जाऊन सोताच रेकायचे."

"मग तुम्हाला कळलं कधी?"

"पहिल्याच संध्याकाळी. रेकून झाल्यावर म्हैस दम्यानं खोकत न्हाई, सर."

"आणि तरी तुम्ही रोज फोन..."

"हाव. लई मन लावून रेकायचे."

तेवढ्यात आप्पा चहा घेऊन आले. चंद्रीचं नाव कानावर पडलं होतं. माझ्याजवळ सरकून, आवाज खाली आणून म्हणाले, "घरी येईस्तोवर पोरीला काही कळू दिलं न्हाई बघा मी."

मॅडमनी मान खाली घातली आणि चहात साखर ढवळत राहिल्या.